धमनीतील रोगट ऊती ओळखण्यासाठी प्रतिदीप्ती: कोणती पद्धत कोणत्या कामासाठी?

अँजिओग्राफीत रक्ताला उरलेली वाट दिसते, भिंतीत काय साचले आहे ते कळत नाही. हृदयविकाराचे बरेच झटके फारशा अरुंद न झालेल्या जागी भिंतीत साचलेला मेदाचा थर फुटून येतात, म्हणून भिंतीची घडण कळणे महत्त्वाचे ठरते. ऊतीवर ठरावीक तरंगलांबीचा प्रकाश टाकून तिने परत दिलेली प्रतिदीप्ती, म्हणजे शोषलेल्या प्रकाशाच्या बदल्यात सोडलेला वेगळ्या तरंगलांबीचा प्रकाश, मोजायची, हा त्यावरचा एक मार्ग आहे. अमेरिकेतील एमआयटी आणि क्लीव्हलँड क्लिनिक येथील संशोधकांनी १९८५ साली सुमारे ४८० नॅनोमीटरच्या प्रकाशाने निरोगी आणि रोगट धमनी वेगळी ओळखता येते, हे दाखवले.

या क्षेत्रात नव्याने उतरणाऱ्याला पहिली निवड करायची असते ती स्थिर वर्णपट (कोणत्या तरंगलांबीला किती प्रकाश येतो ते पाहणे) आणि कालविभेदी मोजणी यांत. स्थिर वर्णपटाची उपकरणे तुलनेने साधी आणि स्वस्त असतात. पण प्रकाशाची तीव्रता प्रकाश नेणाऱ्या तंतूच्या टोकाचे ऊतीपासूनचे अंतर थोडे बदलले तरी बदलते, आणि रक्तातील हिमोग्लोबिन ४१५, ५४० व ५८० नॅनोमीटरच्या आसपास प्रकाश शोषून वर्णपटात खाचा पाडते. या खाचा रोगाच्या नसून रक्ताच्या आहेत हे न ओळखल्यास निष्कर्ष फसतो. कालविभेदी पद्धतीत स्पंदित लेसरनंतर प्रकाश किती नॅनोसेकंदांत विझतो ते मोजतात. तीव्रता कमी-जास्त झाली तरी हा काळ फारसा हलत नाही, आणि भिंतीतील कोलेजन या प्रथिनाचा प्रकाश इलॅस्टिन या दुसऱ्या प्रथिनापेक्षा उशिरा विझत असल्याने दोन्हींचे वर्णपट एकमेकांवर चढले तरी त्यांना वेगळे करता येते. खर्च आणि विश्लेषणाची कटकट वाढते, हे खरे. तरीही रक्तवाहिनीच्या आत जाऊन मोजायचे असेल तर माझा कौल निःसंशय कालविभेदी पद्धतीलाच आहे.

दोन्हींची समान मर्यादा खोलीची आहे. ३३७ नॅनोमीटरचा अतिनील प्रकाश ऊतीत साधारण पाव मिलिमीटरच जातो. फुटण्याचा धोका असलेल्या थरावरील तंतुमय आवरण ६५ मायक्रोमीटरपेक्षाही पातळ असते, त्यामुळे तेथे एवढी खोली पुरते; जाड आवरणाखालचा मेदाचा साठा मात्र निसटतो.

प्रत्यक्ष रुग्णासाठी कॅथलॅबमध्ये (रक्तवाहिनीत नळी घालून तपासणी करतात त्या कक्षात) साधन निवडायचे असेल तर उत्तर वेगळे आहे. ओसीटी (प्रकाशाने भिंतीचे छेदचित्र घेणारी पद्धत) १० ते २० मायक्रोमीटरपर्यंतचा तपशील दाखवते, म्हणून आवरणाची जाडी मोजायला तीच योग्य; मात्र त्यासाठी रक्त क्षणभर बाजूला सारावे लागते, तसे ते प्रतिदीप्तीलाही लागते. आयव्हीयूएसला (रक्तवाहिनीच्या आतून केलेल्या सोनोग्राफीला) ती अडचण नाही आणि ती खोलवर पाहते, पण तिचा तपशील भरड असतो. मेद शोधण्यासाठी जवळच्या अवरक्त (निअर-इन्फ्रारेड) प्रकाशाची वर्णपटमिती वापरता येते. तिच्या कॅथेटरला (रक्तवाहिनीत घालायच्या बारीक नळीला) अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २००८ मध्ये परवानगी दिली. आवरणातील कोलेजन किंवा इलॅस्टिन थेट सांगण्यात मात्र प्रतिदीप्तीची बाजू उजवी आहे, आणि आयव्हीयूएससोबत एकाच कॅथेटरमध्ये ती बसवण्याचे प्रयत्न मला याच कारणाने सर्वांत आशादायक वाटतात.

प्रयोगशाळेतून सुरुवात करणाऱ्यांनी फॉर्मॅलिनमधील नमुन्यांवर मोजणी करू नये, कारण ते स्वतःच ऊतीची प्रतिदीप्ती बदलते. ताजी धमनी सलाईनमध्ये ओली ठेवून मोजावी, मोजलेल्या बिंदूवर शाईने खूण करावी आणि नंतर त्याच जागेचा छेद सूक्ष्मदर्शकाखाली तपासावा.