यार्ड सेलमधले सत्तर डॉलरचे शिवणयंत्र: नऊ महिन्यांच्या वापरानंतर

गेल्या मे महिन्यात न्यू जर्सीत आमच्या एडिसनच्या घराजवळ भरलेल्या एका यार्ड सेलमधून, म्हणजे घरातले जुने सामान अंगणात मांडून केलेल्या विक्रीतून, मी सिंगरचे १५-९१ हे विजेवर चालणारे जुने शिवणयंत्र सत्तर डॉलरला घेतले आणि दुसऱ्याच दिवशी ते परत करण्याच्या विचाराने त्या घरी पुन्हा गेले. यंत्र आज नऊ महिन्यांनंतरही माझ्याकडेच आहे आणि आठवड्यातून तीन-चार दिवस चालते. तरीही ते परत करायला निघाले हे चूक होते असे मला वाटत नाही.

विक्रेते साठीच्या घरातले गृहस्थ होते आणि आईच्या निधनानंतर तिच्या घरातले सामान त्यांनी अंगणात मांडले होते. यंत्राबद्दल त्यांनी तीन गोष्टी सांगितल्या. पहिली, ते १८५१ सालचे आहे. दुसरी, ते उत्तम चालते. तिसरी, त्याचे वायरिंग दोन वर्षांपूर्वी पूर्ण बदललेले आहे. यातली पहिली गोष्ट चुकीची आहे हे मला तिथेच कळले, कारण यंत्राच्या खांबावर जो निळ्या कडेचा बिल्ला आहे त्यावर १८५१ आणि १९५१ अशी दोन्ही वर्षे कोरलेली आहेत. आयझॅक सिंगर यांना पेटंट मिळाले ते १८५१ साली, आणि शतक पूर्ण झाले म्हणून त्या सुमारास तयार झालेल्या यंत्रांना कंपनीने हा बिल्ला लावला. बिल्ल्यावरचे पहिले वर्ष वाचून यंत्र पावणेदोनशे वर्षांचे समजणारी माणसे इथे इतकी भेटतात, की त्यात फसवणूक शोधणे अन्यायाचे होईल. १८५१ साली विजेच्या मोटारीचे घरगुती शिवणयंत्र कुठून येणार? मला यंत्र शिवण्यासाठी हवे होते, कपाटात मांडण्यासाठी नव्हे, त्यामुळे वयाचा प्रश्न मी सोडून दिला.

दुसऱ्या गोष्टीची खात्री आम्ही तिथेच केली. त्यांनी गॅरेजमधून लांब वायर ओढून आणली, मी पिशवीतला कापडाचा तुकडा सुईखाली धरला आणि चार इंच टीप सरळ पडली. तिसऱ्या गोष्टीची खात्री मात्र अंगणात करता येत नाही आणि माझ्या दृष्टीने तीच सर्वांत महत्त्वाची होती. त्या काळच्या यंत्रांचे लोखंड आणि पोलाद कितीही चांगले असले, तरी तारांवरचे रबर सत्तर वर्षांत कडक होऊन गळून पडते. हा कारखान्याचा दोष नव्हे, रबराचे वय आहे. सुरुवातीला मी चाळीस डॉलर देऊ केले होते. ‘वायरिंग नवे आहे’ हे ऐकल्यावरच मी सत्तरपर्यंत चढले. परत करण्याचा सारा प्रश्न पुढे याच एका वाक्यावर येऊन थांबला.

त्या वेळी माझ्या सासूबाई सांगलीहून आमच्याकडे आलेल्या होत्या. त्यांनी उभ्या आयुष्यात पायाच्या मशीनवर शेकडो ब्लाउज शिवले आहेत. संध्याकाळी मी यंत्र टेबलावर ठेवून शिवायला बसले आणि दहाएक मिनिटांनी त्या स्वयंपाकघरातून म्हणाल्या, “अगं, रबर जळल्याचा वास येतोय, आधी पाय काढ.” मी पाय काढला आणि यंत्र थांबवण्यासाठी हातचाकाला हात लावला, तर मुंगी चावावी तसा विजेचा झटका बसला. प्लग काढून मागचे झाकण उघडले तेव्हा दिसले, की भिंतीतल्या प्लगपासून यंत्रापर्यंतची वायर नवी कोरी आहे, पण मोटारीत आणि दिव्याकडे जाणाऱ्या तारांवरचे रबर कोरड्या चिखलासारखे सुटून उघडे तांबे दिसते आहे. लोखंडी अंग आणि दोनच पिनांचा, अर्थिंग नसलेला प्लग, तेव्हा तो झटका याहून मोठाही असू शकला असता.

रात्री जेवताना घरात दोन तट पडले. सासूबाईंचे म्हणणे असे, की जुन्या वस्तूला परतीची वाट नसते. पुण्याच्या जुन्या बाजारात बुधवारी किंवा रविवारी घेतलेली वस्तू कोणी पुढच्या आठवड्यात परत घेऊन जात नाही, डोळे उघडे ठेवून घ्यायची आणि पुढचे आपले नशीब. माझ्या नवऱ्याचे म्हणणे अगदी उलट, की अमेरिकेत कोणतीही खरेदी तीन दिवसांत परत करता येते, तसा कायदाच आहे. दोघांचेही पूर्ण बरोबर नव्हते.

तीन दिवसांचा नियम आहे, पण तो दारोदार फिरून किंवा हॉटेलच्या सभागृहासारख्या तात्पुरत्या जागी विक्री करणाऱ्या धंदेवाईकांसाठी आहे. अंगणात आईचे सामान विकणाऱ्या माणसाला तो लागू होत नाही. वस्तूंच्या विक्रीसंबंधीचा जो युनिफॉर्म कमर्शियल कोड लुइझियाना सोडून सर्व राज्यांनी स्वीकारला आहे, त्याच्या कलम २-३१४ नुसार वस्तू तिच्या सामान्य उपयोगाला योग्य असेल ही न सांगता गृहीत धरलेली हमी फक्त त्या प्रकारच्या वस्तूंचा व्यापार करणाऱ्यावर बंधनकारक असते. म्हणजे त्या गृहस्थांनी वायरिंगबद्दल काहीच सांगितले नसते, तर सासूबाईंचे म्हणणे खरे ठरले असते आणि मला तोंड उघडण्याचा अधिकार उरला नसता. परंतु कलम २-३१३ मध्ये विक्रेता व्यापारी आहे की नाही हा भेद नाही. वस्तूबद्दल त्याने ठामपणे सांगितलेली जी बाब सौद्याचा पाया बनते, ती हमीच असते, मग ती तोंडी का असेना. ‘उत्तम मशीन आहे’ हे कौतुक झाले, त्यावर कोणाला धरता येत नाही. ‘वायरिंग पूर्ण बदलले आहे’ हे मात्र वस्तुस्थितीचे कथन आहे. दोष आढळल्यावर वाजवी मुदतीत विक्रेत्याला कळवले पाहिजे, असेही हाच कायदा सांगतो, आणि यार्ड सेलच्या बाबतीत माझ्या मते वाजवी मुदत म्हणजे दुसरा दिवस. महिन्याने गेलेल्या माणसाला ‘तुम्हीच बिघडवले असेल’ हे उत्तर मिळते आणि ते देणाऱ्याला दोष देता येत नाही.

सत्तर डॉलरसाठी कोर्टाची पायरी चढण्याचा विचार कोणी करणार नाही, मीही केला नाही. कायद्याचा उपयोग मला एवढाच झाला, की आपण भीक मागायला चाललो नाही आणि भांडायलाही चाललो नाही, हे मनात स्पष्ट झाले.

रविवारी सकाळी मी यंत्र घरीच ठेवून, उघड्या तारांची छायाचित्रे फोनमध्ये घेऊन गेले. पंधरा किलोचे धूड दारात नेऊन आदळले, की समोरचा माणूस लगेच बचावाच्या पवित्र्यात जातो. मी पैसे मागितले नाहीत. तुम्ही वायरिंग बदलल्याचे म्हणाला होता आणि मला आत हे दिसले, एवढेच सांगितले. त्यांना खरेच आश्चर्य वाटले. घरात जाऊन त्यांनी आईच्या कागदांतून दुरुस्तीची पावती शोधून आणली आणि त्यावर ‘वायर बदलली’ एवढेच लिहिलेले होते. त्यांनी तेच ‘वायरिंग बदलले’ असे वाचले होते. लगेच सगळे पैसे परत देण्याची तयारी त्यांनी दाखवली.

इथे मला थांबून विचार करावा लागला. यंत्र परत केले असते, तर ते पुढच्या शनिवारी कदाचित दुसऱ्या कोणाच्या घरी गेले असते किंवा कचऱ्यात गेले असते, आणि टीप तर फारच सुंदर पडत होती. मी निम्मे पैसे घेऊन यंत्र ठेवण्याची तयारी दाखवली आणि त्यांनी पस्तीस डॉलर हातावर ठेवले. नंतर एका जुन्या कारागिराकडून आतले वायरिंग बदलून घेतले, त्याचे एकशे दहा झाले. म्हणजे यंत्र मला एकशे पंचेचाळीस डॉलरला पडले. वायरिंग जुने आहे हे आधी कळले असते, तर मी चाळीसच्या वर गेले नसते आणि हिशेब साधारण तिथेच आला असता.

आता वापराबद्दल. या यंत्रात पट्टा नाही. मोटार मागच्या बाजूला यंत्राच्या अंगातच बसवलेली आहे आणि ती दातेरी चाकाने थेट हातचाक फिरवते, त्यामुळे जाड कापडावर पट्टा घसरण्याचा प्रश्नच येत नाही. सासूबाई परत जाण्यापूर्वी आम्ही दोघींनी जुन्या सुती साड्यांच्या दोन गोधड्या केल्या. सहा पदरांवर, कडेच्या दुमडीत तर त्याहून अधिक जाडीवर, हे यंत्र एकाच संथ चालीने जाते. माझे आधीचे प्लॅस्टिकच्या अंगाचे यंत्र अशा ठिकाणी अडून बसत असे. उलट टाक्यासाठी दांडा आहे, पण झिगझॅग नाही, आणि काजे वेगळ्या जोडाशिवाय होत नाहीत. साडीला फॉल मी अजूनही हातानेच लावते. मोटारीच्या दोन नळ्यांत तेल घालायचे नसते, ठरावीक ग्रीसच घालावे लागते, हे कारागिराने दोनदा बजावले. बॉबिन आणि सुया आजही कोणत्याही शिवणसामानाच्या दुकानात मिळणाऱ्या नेहमीच्याच चालतात, हा मोठा दिलासा आहे. दिवा मात्र अर्ध्या तासात इतका तापतो, की दोरा ओवताना बोटाला चटका बसतो.

एक गोष्ट लाज बाजूला ठेवून लिहिते. वायरिंग करून आणल्यानंतरच्या पहिल्या आठवड्यात यंत्र टाके सोडू लागले आणि ‘आणखी एक दोष लपवला’ असे म्हणून मी पुन्हा त्या घरी जायला निघाले होते. दोष माझा होता. या यंत्रात सुईची सपाट बाजू डावीकडे ठेवायची असते आणि दोरा उजवीकडून डावीकडे ओवायचा असतो. मी सवयीने सुई उलटी बसवली होती. मूळ माहितीपुस्तिका इंटरनेटवर फुकट मिळते. ती वाचण्याआधी कोणाच्याही दारात जाऊ नये.

त्याच उन्हाळ्यात घेतलेल्या दुसऱ्या वस्तूचा अनुभव याच्या बरोबर उलट होता. आमच्या तळघरातल्या ओलीसाठी मी दुसऱ्या एका अंगणातून तीस डॉलरला डिह्युमिडिफायर (हवेतला ओलावा शोषून घेणारे यंत्र) आणला. ‘एकच हंगाम वापरलेला’ असे विक्रेत्याने सांगितले होते. यंत्र छान चालत होते. सवय म्हणून मागच्या पट्टीवरचा मॉडेल क्रमांक मी अमेरिकेच्या ग्राहक सुरक्षा आयोगाच्या संकेतस्थळावर पाहिला, तेव्हा तो आगीच्या धोक्यामुळे परत मागवलेल्या यंत्रांच्या यादीत निघाला. २०१३ साली सुरू झालेल्या त्या मोहिमेत अनेक नावांनी विकलेली वीस लाखांहून अधिक यंत्रे होती. म्हणजे ते यंत्र एका हंगामाचे नव्हे, दहा वर्षांहूनही जुने होते. हा विक्रेता उन्हाळ्यात दर शनिवारी त्याच अंगणात तीच मांडणी करतो, म्हणजे घर आवरणारा नव्हे, व्यापारीच. २००८ च्या कायद्यानुसार परत मागवलेली वस्तू विकणे बेकायदा आहे आणि त्यातून यार्ड सेलही सुटत नाही. मी दुसऱ्या दिवशी गेले तर ‘विकलेला माल परत घेत नाही’ या पाटीकडे त्याने बोट दाखवले. वाद घातल्यावर तो म्हणाला, ठेवून जा, तीस डॉलर घे.

मी ते घेतले नाहीत. तो ते यंत्र पुढच्या शनिवारी पुन्हा मांडणार हे त्याच्या चेहऱ्यावर दिसत होते. घरी आणून मी त्याची वायर कापली, यादीत दिलेल्या पत्त्यावर नोंद केली आणि यंत्र नगरपालिकेच्या विद्युत कचऱ्यात दिले. नवऱ्याच्या मते हा तीस डॉलरचा मूर्खपणा होता, आणि नुसत्या हिशेबाने पाहिले तर त्याचे म्हणणे खोडून काढता येत नाही. पण खाली तळघरात झोपणारी मुले कोणाचीही असू शकतात.

तेव्हापासून मी विजेची वस्तू घेताना अंगणातच फोनवर मॉडेल क्रमांक तपासते, आणि विक्रेत्याने सांगितलेली महत्त्वाची बाब त्याच्याच समोर मोठ्याने पुन्हा म्हणून दाखवते: “म्हणजे आतले वायरिंग नवे आहे ना?” या प्रश्नावर निम्मे लोक लगेच सावरून घेतात, “तसे नक्की माहीत नाही,” असे म्हणतात आणि किंमत आपोआप उतरते.

शिवणयंत्राची सध्याची स्थिती सांगायची तर बॉबिन भरण्याच्या छोट्या चाकावरचे रबर फुटले होते, ते दोन डॉलरला मिळाले आणि मीच बदलले. पायाने दाबायचे पेडल कधी कधी हळू वेग धरत नाही, एकदम पळू लागते, त्याची दुरुस्ती मार्चमध्ये करायची आहे. सासूबाईंना ते सांगलीला हवे होते, पण मोटार एकशे दहा व्होल्टची आहे आणि तिकडे दोनशे तीसवर चालवायला जड ट्रान्सफॉर्मर लागेल, म्हणून ते इथेच राहिले. हे यंत्र ज्या एलिझाबेथ शहरातल्या कारखान्यातून बाहेर पडले, तो १९८२ साली बंद झाला. आमच्या घरापासून ते शहर गाडीने अर्ध्या तासावर आहे. तिसरी गोधडी सध्या त्यावर अर्धी झाली आहे.