कोरं लेटरहेड मागायला आले तर: 'सपोर्टिंग' कोटेशनमधली फसवणूक

"शेठ, दोन लेटरहेडं सही-शिक्का मारून द्या की. फाईलला सपोर्टिंग लावायला पायजेत, बाकी कायबी नाही." बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर, निपाणी, हुक्केरी पट्ट्यातल्या हार्डवेअर आणि इलेक्ट्रिकलवाल्यांना ही मागणी नवी नाही. मागणारा ओळखीचा असतो, पंचायतीत त्याची ऊठबस असते. नाही म्हणून उगाच वाईटपणा कशाला, म्हणून दुकानदार कागद देऊन टाकतो.

कर्नाटकात सरकारी खरेदीला १९९९ चा पारदर्शकता कायदा लागू आहे, ज्याला सगळे केटीपीपी म्हणतात. ग्रामपंचायतीपासून महापालिकेपर्यंत सगळे त्यात येतात. ठरावीक रकमेखालच्या खरेदीला कलम ४(ई) मध्ये टेंडरमधून सूट आहे. तिथे तीन कोटेशनं मागवून सर्वांत कमी दराची घ्यायची, अशी वहिवाट. खेळ चालतो तो याच फटीत. मोठी खरेदी या रकमेखाली बसावी म्हणून तिचे तुकडे पाडतात: एकाच गावचे पथदिवे, पण गल्लीगणिक वेगळी फाईल.

कोऱ्या कागदाचे उपयोग दोन. पहिला, तुमच्या नावाने चढा दर लिहून दुसऱ्याला सर्वांत कमी ठरवणं. यात तुमचं पैशाचं नुकसान नाही, पण बनावट स्पर्धेत सही तुमची. दुसरा जास्त महाग पडतो. ऑर्डर तुमच्याच नावाने निघते, पैसे तुमच्या खात्यावर जमा होतात, आणि त्याच संध्याकाळी निरोप येतो: "चुकून नाही आले, बिल लावलंय. दोन टक्के तुम्ही ठेवा, बाकीचे रोख द्या."

हिशेब मांडून बघा. समजा माल २,००,००० चा, त्यावर १८ टक्के जीएसटी ३६,०००, एकूण २,३६,०००. दोन टक्क्यांनी हातात राहतात ४,७२०. खरेदीचं बिल नाही, म्हणून इनपुट क्रेडिट (खरेदीवर भरलेल्या कराची वजावट) नाही. ३६,००० चा कर तुमच्या डोक्यावर, वर विक्रीवरचा इन्कमटॅक्स. माल न देता बिल देणं हा जीएसटी कायद्याच्या कलम १२२ खाली दंडाचा गुन्हा आहे तो वेगळाच. रोख परत दिल्याची पावती कोणी देत नाही.

दोन लाखांचाच आकडा घेण्यामागे कारण आहे. कराराची किंमत जीएसटी सोडून अडीच लाखांच्या वर गेली, की पंचायतीला बिलातून २ टक्के जीएसटी टीडीएस (पैसे देतानाच कापायचा कर) कापावा लागतो आणि तो जीएसटी पोर्टलवर तुमच्या खात्यात दिसतो. न केलेल्या विक्रीचा टीडीएस दिसला, तर त्याचा माग राहतो. अडीच लाखांच्या आत ठेवलं की ती खूण उरत नाही. आकडा किती ठेवायचा हे ज्याला कळतं, तो नवखा नसतो.

बनावट कोटेशनं ओळखायला फार विद्या लागत नाही. तिन्ही कागद शेजारी ठेवा आणि ओळीमागून ओळ भागाकार करा. दिवा ३,२००, ३,३६०, ३,४५६. क्लॅम्प २५०, २६२.५०, २७०. दुसरा प्रत्येक वेळी पहिल्याच्या बरोबर ५ टक्के वर, तिसरा ८ टक्के. खऱ्या दुकानदारांचे दर असे कधीच चालत नाहीत. एकाचा दिवा स्वस्त तर दुसऱ्याची वायर. हे दर एकाच माणसाने कॅल्क्युलेटरवर काढलेले असतात. स्पेलिंगच्या चुकाही तिन्हीकडे त्याच सापडतील.

मग जीएसटी नंबर बघा. पहिले दोन अंक राज्याचे: कर्नाटक २९, महाराष्ट्र २७. पुढची दहा अक्षरं म्हणजे पॅन. दोन दुकानांची नावं वेगळी आणि ही दहा अक्षरं तीच असली, तर मालक एकच. पोर्टलवर लॉगिन न करताही नंबर टाकून नोंदणीची तारीख आणि नोंदणी चालू की रद्द, हे दिसतं. रद्द नोंदणीवरची कोटेशनंही फाईलला लागतात.

सीमेचा फायदा असा, की इथे खोटं लवकर उघडं पडतं. कोल्हापूरच्या दुकानाने बेळगावकडे माल द्यायचा तर आयजीएसटी, म्हणजे दोन राज्यांमधल्या विक्रीवरचा जीएसटी लागतो. त्याच्या कोटेशनवर सीजीएसटी-एसजीएसटी, म्हणजे राज्यातल्या राज्यात विक्रीचा कर असेल, तर ते त्या दुकानात बनलेलं नाही असं समजायला हरकत नाही. ५०,००० च्या वरचा माल कोगनोळीकडून हायवेने आला म्हणतात, तर त्याचं बारा आकडी ई-वे बिल (माल वाहतुकीचा ऑनलाइन परवाना) कुठे आहे? स्टॉक रजिस्टरला नोंद आहे आणि ई-वे बिल नाही, म्हणजे बहुधा फक्त कागद आलेत.

मोठ्या टेंडरांत कोऱ्या लेटरहेडची जागा डिजिटल सहीच्या टोकनने (पेनड्राइव्हसारख्या किल्लीने) घेतली आहे. टोकन आणि पिन दोन्ही एजंटकडे ठेवणारे कमी नाहीत. तोच एजंट दोन प्रतिस्पर्ध्यांची टेंडरं भरत असतो, मग दर गुप्त कसा राहणार? ईएमडीचे (टेंडरच्या अनामत रकमेचे) पैसे कोणाच्या फोनपेवर मागितले तर तिथेच थांबा. ते टेंडरच्या पोर्टलमधूनच भरायचे असतात.

कोटेशन द्यायचंच असेल तर कार्यालयाचं पत्र मागा. स्वतःच्या हाताने दर भरा, जावक नंबर, तारीख आणि मुदत लिहा, शेवटच्या ओळीखालची रिकामी जागा तिरकी रेघ मारून बंद करा आणि फोटो काढून ठेवा. कोरा कागद आधीच गेला असेल, तर पीडीओंना (पंचायत विकास अधिकाऱ्यांना) लेखी कळवून पोच घ्या, प्रत तालुका पंचायतीच्या ईओंना (कार्यकारी अधिकाऱ्यांना) द्या. पत्र कन्नडमध्ये असलं तर टोलवाटोलवीला जागा कमी राहते. बिलाचे पैसे खात्यावर आलेच, तर रोखीने कोणाला देऊ नका. ते पंचायतीच्या खात्यावर बँकेतूनच परत जाऊ द्यात.

फाईल बघायला माहिती अधिकाराचा अर्ज करा, फी १० रुपये. कर्नाटकच्या नियमांत एका अर्जात एकच विषय आणि साधारण १५० शब्द चालतात. म्हणून पाल्हाळ न लावता एकाच खरेदीची कागदं नावानिशी मागा: तिन्ही कोटेशनं, तुलनात्मक तक्ता, ठराव, वर्क ऑर्डर, बिल, ई-वे बिल, स्टॉक रजिस्टरचं पान आणि पेमेंट व्हाउचर.