गाळा सोडताय? टेम्पो बोलावण्याआधी चित्रं मोजा

गाळा सोडायची तारीख ठरली की चित्रकाराकडे माणसं येऊ लागतात. भाडं परवडेना, अकरा महिन्यांचा करार पुढे वाढला नाही, उजवा हात प्लास्टरमध्ये आहे, घटस्फोटानंतर दोन घरं चालवायची आहेत, आईला सांभाळायला गावी जायचंय. कारण कोणतंही असो, भिंतीला टेकवलेले साठ-सत्तर कॅनव्हास महिनाअखेरपर्यंत कुठेतरी हलवायलाच हवेत. ही बातमी लपत नाही. फ्रेमवाल्याला ठाऊक असते, रंगाच्या दुकानात ठाऊक असते आणि फेसबुकवर ‘स्टुडिओ सेल’ लिहिलं की उरलेल्यांनाही कळते. फसवणारा गाठतो तो याच पंधरा दिवसांत. एरवी फ्रेमच्या दोनशे रुपयांवरून हुज्जत घालणाऱ्या चित्रकाराला या दिवसांत पैसे देणाऱ्यापेक्षा चित्रं ठेवून घेणारा जवळचा वाटतो.

तो स्वतःला दलाल म्हणवत नाही. कन्सल्टंट, क्युरेटर, कधी नुसताच ‘कलेक्टर’, म्हणजे चित्रांचा संग्राहक. पहिल्या भेटीत एखादं लहान काम, कागदावरचं किंवा १२×१२ इंचांचं, सांगितल्या किमतीला जागच्या जागी घेतो. भाव करत नाही, पैसे लगेच यूपीआयने. हे आठ-दहा हजार म्हणजे त्याचं भांडवल. पुढे घरातल्या कुणी शंका काढलीच तर ‘अहो, त्याने लगेच पैसे दिले होते’ हे उत्तर चित्रकारच देतो. मग बोलण्यात अमूर्त चित्रकार वासुदेव गायतोंडे येतात. ‘सर, गायतोंड्यांचं बघा, २०१३ला मुंबईतल्या लिलावात तेवीस कोटी सत्तर लाख.’ आकडा खरा आहे. गायतोंडे २००१मध्येच गेले होते आणि लिलावातली रक्कम चित्र विकायला काढणाऱ्याला मिळते, एवढंच सांगायचं तो टाळतो.

दुसऱ्या खेपेला दाराशी ‘छोटा हत्ती’ टेम्पो उभा असतो. सोबत दोन माणसं, बबल रॅपचा रोल. ‘गोडाऊन आपलं, पॅकिंग आपलं, तुम्ही काहीच करू नका.’ तासाभरात तीस-पस्तीस चित्रं जातात आणि हातात एक चलन, म्हणजे माल नेल्याची पावती, उरतं. बहुतेक वेळा सगळा घात त्या चलनावर असतो. त्यावर अशा ओळी असतात: ‘अॅब्स्ट्रॅक्ट पेंटिंग, ३६×४८, ८ नग. लँडस्केप, मिक्स साइझ, ११ नग.’ खाली घसटलेली सही. पत्ता नाही, पॅन नाही, परत द्यायची तारीख नाही, किंमत नाही.

‘८ नग’ लिहिलेल्या चलनावरून कुणी काही सिद्ध करू शकत नाही. कोणते आठ? तीन वर्षांनी एखाद्या हॉटेलच्या लॉबीत त्यातलं एक दिसलं, तरी ते त्या आठांतलंच कशावरून? म्हणून प्रत्येक चित्राची वेगळी ओळ हवी: नोंदवहीतला क्रमांक, शीर्षक, साल, माध्यम, आकार (आधी उंची, मग रुंदी), तुम्हाला मिळायची निव्वळ रक्कम. ‘अनटायटल्ड’ मालिका करणाऱ्यांनी निदान क्रमांक तरी द्यावेत; २०१९/०७ एवढंही पुरतं. प्रत्येक चित्राचे तीन फोटो काढा: पुढून, मागून आणि सहीचा जवळून. क्रमांक स्ट्रेचरच्या, म्हणजे कॅनव्हास ताणलेल्या चौकटीच्या, लाकडावर घालू नका, कारण चौकट बदलली की तो लाकडाबरोबर जातो. कॅनव्हासची जी कड मागे दुमडून पिना मारलेल्या असतात, त्या दुमडीवर पेन्सिलीने लिहा. रंगवलेल्या भागाच्या मागे मार्कर चालवला तर शाई कालांतराने पुढे उतरू शकते आणि बॉलपेन दाबून लिहिलं तर पुढे वळ उठतो.

चलनावर एक वाक्य असायलाच हवं: ‘विक्रीची पूर्ण रक्कम चित्रकाराच्या खात्यात जमा होईपर्यंत चित्राची मालकी चित्रकाराची राहील.’ त्याखाली परतीची तारीख, चित्रं ठेवण्याच्या जागेचा पूर्ण पत्ता आणि तिथे असेपर्यंत विम्याचा हप्ता कुणी भरायचा हे. नेणाऱ्याच्या ओळखपत्राची प्रत आणि टेम्पोच्या नंबरप्लेटचा फोटो घ्या. भला माणूस यावर चिडत नाही. ‘आपल्यात विश्वास नाही का, सर?’ असं जो विचारेल त्याचा टेम्पो रिकामा परत पाठवावा.

पॅकिंगकडेही लक्ष हवं, कारण पुढचा डाव तिथून खेळला जातो. मोठे कॅनव्हास चौकटीवरून उतरवून गुंडाळले जातात. गुंडाळताना रंगाची बाजू बाहेर ठेवायची आणि पाइप निदान सहा इंच व्यासाचा घ्यायचा, आठ-दहा इंची मिळाला तर उत्तम. रंग आत ठेवून अरुंद नळीवर गुंडाळलं की रंगाचा थर दबतो, उलगडल्यावर सुरकुत्या उरतात आणि जाड थर असेल तर पापुद्रे सुटतात. पॅलेट नाइफने (रंग लावायच्या पात्याने) लावलेलं जाड काम गुंडाळायचंच नाही. सहा महिन्यांच्या आतलं ऑइलही नाही, वरून सुकलेलं दिसलं तरी आत ओलं असतं. बबल रॅपचे फुगे बाहेरच्या बाजूला हवेत, नाहीतर मऊ रंगावर गोल ठसे उमटतात. अॅक्रिलिक उष्णतेत मऊ होतं आणि प्लास्टिकला चिकटतं. मे महिन्यात ताडपत्रीखाली दोन तास उभ्या टेम्पोत याची परीक्षा होते. मध्ये बटर पेपर घाला.

हे सगळं घाईत चुकीचं केलं जातं आणि चार महिन्यांनी फोन येतो: ‘सर, सहा पीस खराब निघाले, पार्टीने परत केले, रिस्टोरेशनचा खर्च तुमच्याकडून.’ नेताना प्रत्येक चित्राची अवस्था चलनावर नोंदवलेली नसली की त्याला काही उत्तर देता येत नाही. ‘डाव्या कोपऱ्यात बारीक तडा’ किंवा ‘अवस्था चांगली’, एवढे दोन शब्दही पुरतात.

आता पैशाचं. चाळीस टक्के कमिशन ऐकून लोक बिचकतात. पण ३३ ते ५० टक्के हा गॅलऱ्यांचा नेहमीचा दर आहे, तेवढ्यावरून कुणी चोर ठरत नाही. चोरी होते ती गिऱ्हाइकाला दिलेल्या सवलतीत. चित्राची किंमत १,००,००० धरा, कमिशन ४० टक्के, गिऱ्हाइकाला सवलत २० टक्के. विक्री झाली ८०,०००ला. सरळ हिशोबाने चित्रकाराला ८०,०००चे ६० टक्के, म्हणजे ४८,००० मिळायला हवेत. हा गृहस्थ मांडतो असं: १,००,०००मधून माझं कमिशन ४०,०००, सवलतीचे २०,००० तुमच्या वाट्यातून, उरले ४०,०००. मग फ्रेमिंगचे ६,००० आणि फोटोग्राफीचे २,५००. हातात ३१,५००. शिवाय खरंच ८०,०००ला विकलं की पूर्ण लाखाला, हे कळायला मार्ग नाही, कारण खरेदीदाराचं बिल दाखवलं जात नाही. म्हणून टक्के लिहूच नका. प्रत्येक चित्रापुढे निव्वळ रक्कम लिहा आणि ‘विक्रीनंतर ३० दिवसांत’ अशी मुदत घाला. वर त्याने कितीला विकायचं ते विकू दे.

चित्रं गेल्यावर आठवड्याभराने कागद येतात. ‘फक्त फॉर्मॅलिटी आहे.’ त्यात दोन गोष्टी दडवलेल्या असतात. पहिली कॉपीराइटची. चित्र विकलं म्हणून कॉपीराइट जात नाही. १९५७च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १९प्रमाणे तो द्यायचा तर लेखी आणि सहीनिशीच द्यावा लागतो. लिखाणात मुदत नसेल तर पाच वर्षं आणि प्रदेश नसेल तर भारतापुरता, असं कायदा धरतो. म्हणूनच त्या कागदात ‘कायमस्वरूपी, संपूर्ण जगासाठी’ हे शब्द आठवणीने घातलेले असतात. एकदा सही झाली की तुमच्या चित्राचे मग, कॅलेंडर आणि भिंतीवरचे प्रिंट त्याचे. जाता जाता, पोर्ट्रेट करणाऱ्यांनी हेही ध्यानात ठेवावं: कुणी पैसे देऊन सांगून करून घेतलेल्या चित्राचा कॉपीराइट, वेगळा करार नसेल तर, सांगणाऱ्याकडे जातो. कलम १७. वेगळा करार हवा तर कामाला हात लावण्याआधी करा.

दुसरी गोष्ट जास्त घातक आहे: कोरी प्रमाणपत्रं. ‘खरेपणाचं सर्टिफिकेट प्रत्येक पीसला लागतं, सर, तुम्ही सह्या करून ठेवा, डिटेल्स आम्ही भरतो.’ पस्तीस चित्रांना पन्नास सह्या घेतल्या जातात. उरलेली पंधरा प्रमाणपत्रं दुसऱ्याच कुणाच्या कामाला चिकटतात आणि बाजारात तुमच्या सहीने नकली चित्रं फिरू लागतात. ती पकडली गेली की पहिला प्रश्न तुम्हालाच विचारला जातो. प्रमाणपत्र चित्राची रक्कम जमा झाल्यावरच द्यायचं. त्यावर चित्राचा फोटो छापलेला असावा आणि सही निम्मी फोटोवर, निम्मी कागदावर यावी.

पुढचं उरकून टाकू. परदेशातल्या आर्ट फेअरची ‘पार्टिसिपेशन फी’ मागतात, मुंबईच्या जहांगीर आर्ट गॅलरीसारख्या, वर्षानुवर्षांची प्रतीक्षा असलेल्या दालनाची ‘तारीख मिळवून देतो’ म्हणून आगाऊ घेतात. कुठलंही दालन असो, अर्ज स्वतः त्यांच्या कार्यालयात द्यावा, पैसे संस्थेच्या नावाच्या खात्यात भरावेत, पावती घ्यावी. मधला माणूस लागत नाही. ई-मेलवरचा गिऱ्हाईक तर आता मुखोद्गत असायला हवा: बायकोला तुमचं चित्र आवडलं, लग्नाच्या वाढदिवसाची भेट आहे, आम्ही घर हलवतोय, आमचा शिपिंग एजंट चित्र न्यायला येईल. मग ठरल्यापेक्षा जास्त रकमेचा चेक येतो आणि वरचे पैसे एजंटला पाठवायला सांगतात. परदेशी चेक खात्यात दिसला तरी काही आठवड्यांनी परत येऊ शकतो, तुम्ही पाठवलेले पैसे येत नाहीत. आणि यूपीआयचा पिन पैसे देताना लागतो, घेताना कधीच नाही. असे पैसे गेले तर त्याच तासात सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनला फोन करा, उशीर झाला की रक्कम पुढच्या खात्यांत पांगते.

नवी जागा घेतानाही अनामत बुडते. महाराष्ट्रात १९९९च्या भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५प्रमाणे लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, आणि नोंदणीची जबाबदारी जागामालकाची. ‘नोंदणी नंतर करू, आधी डिपॉझिट द्या’ म्हणणाऱ्याकडे इंडेक्स टू (मालमत्तेच्या नोंदणीकृत व्यवहाराचा सरकारी उतारा) आणि वीजबिल मागा. दोन्हींवरची नावं जुळत नसतील तर टर्पेंटाइनचा वास त्याच्या गाळ्यात न्यायची काही गरज नाही.

सगळ्यात वाईट फसतात ती चित्रकार गेल्यावर मागे राहिलेली माणसं. ‘वहिनी, सरांचं काम जगापुढे यायला हवं.’ तेराव्यानंतर आठवड्याभरात हे वाक्य येतं. स्टुडिओत सही नसलेली, अर्धवट, नापास म्हणून मागे टाकलेली पुष्कळ कामं असतात. पाहुणा ती आधी उचलतो, कारण त्यांची नोंद कुठेच नसते. सही नंतर कुणीतरी करतो. घरच्यांनी काहीही देण्याआधी सगळ्या कामांची मोजदाद करावी, सही नसलेल्यांच्या मागच्या दुमडीवर कुटुंबाचा शिक्का आणि क्रमांक घालावा, स्केचबुकांची पानंही मोजावीत. पानं फाडून सुटी विकली जातात. कॉपीराइट मृत्यूनंतर साठ वर्षं वारसांकडे राहतो. मूळ चित्र दहा हजारांहून जास्त किमतीला पुन्हा विकलं गेलं तर कॉपीराइट कायद्याच्या कलम ५३अ प्रमाणे चित्रकाराला किंवा वारसांना त्यात हिस्सा मागता येतो, जास्तीत जास्त दहा टक्के. पण पुन्हा विक्री झाल्याचं कळायला तरी आधी पहिला खरेदीदार कोण हे माहीत हवं, आणि ते फक्त नोंदवहीत असतं.

चित्रं गेलीच असतील तर फोनवर भांडत बसू नका. तो उचलायचं बंद करण्याआधी ‘अमुक क्रमांकाची चित्रं अमुक तारखेपर्यंत परत करा’ असं ई-मेलवर आणि व्हॉट्सअॅपवर लेखी मागा, मग वकिलामार्फत पोचपावतीसह नोटीस. पोलीस ठाण्यात बहुधा ‘हा दिवाणी वाद आहे’ असं ऐकायला मिळतं. परत मागितल्याचा लेखी पुरावा, त्याचा नकार किंवा मौन आणि मालकीचं वाक्य असलेलं चलन हाती असेल तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१६ (विश्वासघात) आणि ३१८ (फसवणूक) खाली तक्रार लिहून घ्यायला लावता येते. नोंद होत नसेल तर तीच तक्रार पोलीस अधीक्षकांना, शहरात आयुक्तांना, लेखी पाठवा. ‘घेऊन जा तुमची चित्रं, पण गोडाऊनचं चाळीस हजार भाडं भरा’ असा निरोप आला तर तो डिलीट करू नका. चित्रं त्याच्याच ताब्यात आहेत, ही त्याने स्वतः दिलेली कबुली आहे.

आणि फोटोंची एक फाइल शहरातल्या फ्रेमवाल्यांकडे द्या, लिलावगृहांनाही पाठवा. गुंडाळून नेलेला कॅनव्हास विकण्याआधी पुन्हा चौकटीवर ताणावाच लागतो, आणि ते काम तो माणूस स्वतः करत नाही.