पाणी कसं मोजलं ते समजावून सांगणारं सोनोग्राफी सेंटर

गरोदरपणाच्या 34 व्या आठवड्यात आधी ज्या सेंटरला गेले तिथे पाच मिनिटांत सगळं उरकलं, रिपोर्टवर एएफआय (पोटात बाळाभोवती असलेल्या पाण्याचा आकडा) 4.6 आणि खाली 'पाणी कमी'. विचारलं तर म्हणे तुमच्या डॉक्टरांना दाखवा. रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही, बाळाची हालचाल मोजत पडून होते.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी दुसरीकडे परत करायला पाठवलं, हा रिव्ह्यू त्या सेंटरचा. तिथल्या मॅडमनी स्क्रीन माझ्याकडे वळवली आणि मोजता मोजता सांगत गेल्या, की पोटाचे चार भाग धरायचे, प्रत्येक भागात पाण्याचा सगळ्यात खोल कप्पा उभा मोजायचा, मध्ये नाळ किंवा बाळाचे हातपाय आले तर ती जागा धरायची नाही, आणि चारही आकड्यांची बेरीज म्हणजे एएफआय. प्रोब (पोटावर फिरवतात ते सोनोग्राफीचं यंत्र) अगदी हलका धरला होता कारण जोरात दाबला तर कप्पा चपटा होतो आणि आकडा कमी येतो (हे मला आदल्या दिवशी कोणी सांगितलं असतं तर!). माझे आले 3.1, 1.4, 1.6 आणि एका भागात नुसती नाळच, म्हणून शून्य. एकूण 6.1. 5 च्या खाली गेलं की कमी धरतात, 24-25 च्या वर जास्त. मी रात्री भरपूर पाणी प्यायले होते, त्यानेही थोडा फरक पडू शकतो म्हणाल्या.

मग सगळ्यात खोल एकच कप्पा बघितला, तो 2 ते 8 सेंटीमीटर असला तर ठीक, माझा 3.1. बेरजेवर गेलं की जास्त जणींना 'पाणी कमी' ठरवलं जातं, कळा आणायची औषधंही जास्त दिली जातात, पण त्याने बाळांचं काही जास्त भलं झालेलं अभ्यासांत दिसलेलं नाही, म्हणून मॅडम दोन्ही आकडे रिपोर्टवर लिहितात. मला हे फार आवडलं.

या दिवसांत पाणी म्हणजे मुख्यतः बाळाची लघवी असते, त्यामुळे बाळाच्या किडन्या, मूत्राशय, वाढ, नाळेतला रक्तप्रवाह सगळं नीट बघितलं. खालून पाणी जातंय का, हालचाल कमी वाटते का हेही विचारलं, आणि तसं काही वाटलं तर पुढच्या तारखेची वाट न बघता लगेच हॉस्पिटल गाठायचं असं बजावलं.

तक्रार एकच, अपॉइंटमेंट असून दीड तास थांबले आणि नऊ महिन्यांच्या बायका उभ्या होत्या, खुर्च्या वाढवा प्लीज. एक स्टार त्याचा कापलाय. पुढच्या आठवड्यात परत मोजायचंय, तिथेच जाणार आहे.