आयुष्मान वय वंदना कार्ड : वडिलांच्या नोंदणीचा अनुभव

देवगड तालुक्यात राहणाऱ्या माझ्या ७४ वर्षांच्या वडिलांसाठी आम्ही नुकतेच आयुष्मान वय वंदना कार्ड, म्हणजे सत्तरीपुढच्यांना रुग्णालयातील उपचारांसाठी सरकारी संरक्षण देणारे कार्ड, काढले. त्यांचा खासगी आरोग्य विमा आधीपासून असल्यामुळे ते सरकारी योजनेत बसणार नाहीत, असे आम्ही गेलो त्या पहिल्या नोंदणी केंद्रात सांगण्यात आले. वर उत्पन्नाचा दाखलाही मागितला गेला. या दोन्ही गोष्टी चुकीच्या होत्या. २९ ऑक्टोबर २०२४ रोजी सुरू झालेल्या या सोयीसाठी आधारवरील नोंदीप्रमाणे वयाची ७० वर्षे पूर्ण असली की पुरे. उत्पन्न कितीही असो, आणि खासगी विमा किंवा कर्मचारी राज्य विमा असला तरी पात्रता जात नाही. केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांच्या किंवा माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेचा लाभ घेणाऱ्यांना मात्र दोहोंपैकी एकीची निवड करावी लागते, आणि आमच्याकडे वाडीवाडीत निवृत्त फौजी असल्याने हे त्यांना आधीच समजावून सांगायला हवे.

दुसऱ्या केंद्रातील मुलीने फार आस्थेने काम केले. आयुष्य कलमांना आळी करण्यात गेल्यामुळे वडिलांच्या अंगठ्याच्या रेषा झिजल्या आहेत. यंत्राने तीनदा ठसा नाकारला. तेव्हा तिने त्यांना पडवीत उजेडाला बसवले, चष्मा उतरवून चेहऱ्यावरून ओळख पटवली आणि काम झाले.

वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतचे हे संरक्षण एका घरासाठी असते, म्हणजे आई-वडील दोघेही सत्तरीपुढचे असतील तर ते दोघांत मिळून वापरायचे असते. जुन्या आजारांनाही पहिल्या दिवसापासून ते लागू होते, ही मला सर्वांत मोलाची बाब वाटते, कारण खासगी विम्यात त्यासाठी वर्षानुवर्षे थांबावे लागते. मात्र दाखल न होता घेतलेली तपासणी किंवा रक्तदाबाच्या रोजच्या गोळ्या यांचा खर्च त्यातून मिळत नाही. शिवाय रुग्णालय योजनेशी संलग्न असावे लागते. मोठ्या शस्त्रक्रियेसाठी आपल्याला घाट उतरून-चढून कोल्हापूर नाहीतर मुंबई गाठावी लागते, त्यामुळे निघण्यापूर्वी योजनेच्या १४५५५ या मदत क्रमांकावर विचारून घ्यावे आणि रुग्णालयात पोहोचताच आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेच्या रुग्णांना मदत करणाऱ्या तिथल्या माणसाला, भेटावे. वडिलांचा खासगी विमा आम्ही तूर्त चालू ठेवला आहे. आईचे वय ६८ असल्याने तिला या कार्डासाठी अजून दोन वर्षे आहेत.