शेवटचे पाच मीटर: ग्रीनिचमध्ये जिओकॅशिंग

माझी शाळेतली मैत्रीण ठाण्याहून मुलाकडे लंडनला आली आहे. आल्या आल्याच तिने सांगून टाकलं, "मला बसच्या खिडकीतून गाव दाखवू नकोस, चालत दाखव. फक्त माझ्या गुडघ्याकडे बघ." मी तिला जिओकॅशिंगला नेलं. गेली सहा वर्षं मी हे करते आहे, पण कुणासाठी पूर्ण दिवस आखायची ही पहिलीच वेळ.

काम अगदी सरळ आहे. कुणीतरी एक डबी लपवून तिचे अक्षांश-रेखांश जिओकॅशिंगच्या अ‍ॅपवर टाकलेले असतात. आपण जाऊन ती शोधायची, आतल्या कागदावर नाव लिहायचं आणि डबी होती तशी ठेवून द्यायची. प्रत्येक डबीला दोन आकडे असतात, शोधायला किती अवघड आणि वाट किती अवघड, दोन्ही एक ते पाच. वाटेचा आकडा एक असेल तर व्हीलचेअरवरूनही पोचता येतं. मी अ‍ॅपच्या गाळणीत (फिल्टरमध्ये) वाटेचा आकडा दोनच्या आत ठेवला आणि नकाशावर उरलेल्या डब्यांमधून दिवस ठरवला. गुडघे दुखणाऱ्या माणसाला बाहेर नेताना इतकी उपयोगाची सोय मला दुसऱ्या कुठल्याच अ‍ॅपमध्ये मिळालेली नाही.

पहिली डबी नदीकाठी होती. जागा सांगत नाही, पुढच्याचा आनंद जातो. डबीची दिशा आणि अंतर दाखवणारा फोनमधला बाण सरकत सरकत पाच मीटरवर आला आणि मैत्रीण तिथेच थबकली. "आता हा हलतच नाहीये गं." फोन तिथवरच आणतो. मी तिला फोन पर्समध्ये टाकायला लावला. तिने वाकून लोखंडी कठड्याच्या खालच्या बाजूने बोटं फिरवायला सुरुवात केली, गव्हात खडे आहेत का बघतात तशी, हळूहळू. चौथ्या-पाचव्या गजापाशी बोटं थांबली. करंगळीच्या पेराएवढी धातूची नळी होती, चुंबकाने चिकटवलेली. झाकणाचे आटे सोडवले, तर आत विडीसारखी घट्ट वळलेली कागदाची पट्टी. ती काढायला भुवयांचा चिमटा लागतो, मी नेहमी जवळ बाळगते. पट्टीवर आधीच्या लोकांची टोपणनावं मुंगीएवढ्या अक्षरांत होती. त्याखाली आम्ही दोघींनी देवनागरीत सह्या केल्या. तिचा चेहरा मी विसरणार नाही.

"हे काढलं कुणी?" तिने विचारलं. पूर्वी अमेरिकेचं सरकार सामान्य लोकांच्या जीपीएसमध्ये मुद्दाम चूक घालत असे, शंभरेक मीटरपर्यंतची. २ मे २००० रोजी ती काढली आणि दुसऱ्याच दिवशी ओरेगॉनमधल्या एकाने जंगलात बादली लपवून तिचे आकडे इंटरनेटवर टाकले. तिथून हे सुरू झालं.

मग ग्रीनिच पार्कचा चढ चढलो, दोनदा बसून, धपाटे खात. वेधशाळेच्या छपरावरचा लाल गोळा बरोबर एक वाजता खाली येतो. १८३३ पासून नदीतली जहाजं त्यावर घड्याळं लावत असत. तो बघून आम्ही तिकीट काढून अंगणातल्या मध्यान्हरेषेवर, म्हणजे शून्य रेखांशाच्या रेषेवर गेलो. सगळे एक पाय पूर्वेला, एक पश्चिमेला ठेवून फोटो काढत होते. मैत्रिणीने मात्र अ‍ॅप उघडलं. शून्याऐवजी पश्चिम ०° ००.०८८ मिनिटं. "अगं, शून्य कुठाय?"

शून्य १०२ मीटर पूर्वेला आहे. जुनी रेषा दुर्बिणीने ठरवली. दुर्बीण सरळ उभी करायला तिथल्या गुरुत्वाकर्षणाचाच आधार घ्यावा लागतो आणि ग्रीनिचला ते किंचित कलतं. उपग्रह मात्र पृथ्वीच्या केंद्रापासून हिशेब धरतात. आम्ही बाहेर पडलो, आकडा बघत बघत पूर्वेकडे चालत गेलो आणि गवतात एका जागी दशांशानंतरची तिन्ही शून्यं लागली. तिथे रेषा नाही, पाटी नाही, रांग नाही. तिने तिथेच पाय जोडून फोटो काढून घेतला. त्या दिवसातला मला सगळ्यात आवडलेला क्षण हाच, आणि तिथे डबीसुद्धा नव्हती.

थेम्सखालच्या पादचारी बोगद्यातून पलीकडे गेलो. १९०२ सालचा बोगदा, पांढऱ्या फरशांचा, साधारण ३७० मीटर लांब. आत बाण मेल्यासारखा पडून राहतो, कारण वीस हजार किलोमीटरवरून येणारा उपग्रहाचा क्षीण संदेश जमिनीत शिरत नाही. पलीकडे वर आल्यावर मिनिटभर उघड्या आकाशाखाली उभं राहायचं, घाई करायची नाही.

कॅनरी व्हार्फ या कचेऱ्यांच्या भागात मात्र हरलो. काचेच्या उंच इमारतींवर संदेश आपटून फिरून येतो, त्यामुळे बाण कधी डावीकडे तीस मीटर, कधी मागे. पाऊण तास बाकांखाली, खांबांमागे हात घातले. सूचना वाचली, आधीच्यांच्या नोंदी वाचल्या. शेवटच्या दोघांनाही सापडली नव्हती. या नोंदी आधी वाचायला हव्या होत्या, हे नवीन माणसाने पक्कं लक्षात ठेवावं. आम्ही "सापडली नाही" अशी नोंद केली. ती करायला लोक लाजतात, पण लपवणाऱ्याला डबी हरवल्याचं कळतं ते त्यातूनच.

दिवसभरात सातपैकी पाच डब्या मिळाल्या. मी पाचपैकी साडेचार तारे देते. अर्धा कमी एवढ्यासाठी की बऱ्याच चांगल्या डब्या फक्त वर्गणीदारांनाच दिसतात. एका दिवसाला मात्र फुकट खातं पुरतं. सोबत पेन, चिमटा आणि पॉवर बँक घ्या. माझा फोन तीन वाजताच धापा टाकत होता.

काल लपवणाऱ्याचा निरोप आला: जाऊन बघितलं, डबी खरंच गेली होती, नवी ठेवली आहे. मैत्रिणीचं विमान रविवारी आहे. शनिवारी सकाळी आम्ही कॅनरी व्हार्फला जातोय.