४० मीटरचं एसएसबी किट, आठ-नऊ महिन्यांनंतर: बोर्ड उत्तम, वायर मात्र आधी बदला

हॅम (हौशी) रेडिओच्या ४० मीटर बँडवर, म्हणजे ७ मेगाहर्ट्झच्या आसपास, एसएसबी या पद्धतीने बोलायचा आणि ऐकायचा ट्रान्सीव्हर स्वतः जोडायचं हे किट. त्याचा रिव्ह्यू लिहायचा राहूनच गेला होता, पण पावसाळ्यात जे झालं आणि विक्रेत्याने जी उत्तरं दिली त्यानंतर आता लिहितोच. स्पेसिफिकेशन थोडक्यात, एसआय५३५१ चिप आणि आर्डुइनो नॅनोचा व्हीएफओ (फ्रिक्वेन्सी ठरवणारा भाग), क्रिस्टल फिल्टर, शेवटी एक आयआरएफ५१० हा पॉवर ट्रान्झिस्टर, पाचेक वॉट, याहून जास्त लिहीत नाही. विक्रेत्याचं नावही टाकत नाही, कारण अशी वायर उद्या दुसऱ्या कुणाच्या किटमध्येही येईल.

मला बोलायचंय ते टोरॉइडवर (कडीच्या आकाराच्या कोअरवर) गुंडाळायच्या इनॅमल वायरबद्दल, म्हणजे वर इन्सुलेशनचा पातळ थर असलेल्या तांब्याच्या तारेबद्दल. सूचनापत्रिकेत स्पष्ट छापलंय की सोल्डरिंग आयर्न टेकवून धरा, इनॅमल आपोआप जळतं, खरवडायची गरज नाही. आणि पाकिटात जी वायर दिलीये तिचं इनॅमल आयर्नने जळतच नाही. सगळं दुखणं एवढंच, पण या एवढ्याशा गोष्टीने माझा अख्खा जुलै खाल्ला.

आधी चांगलं सांगतो कारण ते खरंच चांगलं आहे. पीसीबी जाड, छपाई स्वच्छ, दोन-तीनदा डिसोल्डर केलं तरी पॅड उचलला गेला नाही. रिसीव्हर तर या किमतीत कमालीचा शांत. मी ऐरोलीत राहतो, मागे टीटीसी औद्योगिक पट्ट्यातले कारखाने, बिल्डिंगमध्ये घरोघरी एलईडी बल्ब आणि इन्व्हर्टर, त्यामुळे ४० मीटरला नुसती खरखर येईल असं वाटलेलं. एसएमपीएसवर (विजेवर चालणाऱ्या पॉवर सप्लायवर) यायचीच, १२ व्होल्टच्या बॅटरीवर घेतल्यावर निम्मी गेली, उरलेली अँटेना गच्चीवर नेल्यावर बरीच कमी झाली. अँटेना म्हणजे साधा डायपोल, मधून दोन बाजूंना गेलेली तार, ७.१ मेगाहर्ट्झला एकेक बाजू साधारण १० मीटर, मधे उंच आणि टोकं खाली. सोसायटीच्या सेक्रेटरी काकांना लायसन्सची कॉपी दाखवली, त्यांनी पाण्याच्या टाकीपासून लांब ठेव एवढंच सांगितलं. सकाळी पुणे, कोल्हापूर, हैदराबाद आरामात यायचे आणि पाच वॉटला उत्तरंही मिळायची. स्वतः जोडलेल्या रेडिओवर पहिला रिपोर्ट मिळतो तो आनंद मी शब्दात सांगू शकत नाही.

मग जुलैमध्ये सुरू झालं. दोन मिनिटं बोललं की पॉवर पडायची, रिसीव्ह व्यवस्थित, थोडा वेळ बंद ठेवला की परत पाच वॉट. ज्याला विचारावं तो म्हणे आयआरएफ५१० गेला, बदलून टाक. स्वस्त आहे, माझ्याकडे स्पेअर पडलाही होता, पण मोजल्याशिवाय काहीही बदलायचं नाही असं मी ठरवलं होतं. अँटेना काढून ५० ओहमचा डमी लोड (अँटेनाऐवजी पॉवर जिरवणारा रेझिस्टर) लावला, एक डायोड आणि एक कपॅसिटर घेऊन रेडिओ सिग्नल मोजायचा आरएफ प्रोब केला, मल्टिमीटरला जोडून एकेक स्टेज बघत गेलो. आयआरएफ५१० च्या आधीची ड्रायव्हर स्टेज ठीक, त्याच्या गेटवर येणारं ड्राइव्ह (इनपुट सिग्नल) ठीक, आउटपुट पडत असतानाही ते हलत नव्हतं. म्हणजे गडबड त्याच्या पुढे. शेवटी लाकडी टूथपिकने आउटपुट ट्रान्सफॉर्मरची वायर हळूच दाबली आणि पॉवर टुणकन वर!

ती वायर डिसोल्डर करून भिंगाखाली बघितली तर सोल्डरच्या आत इनॅमल जसंच्या तसं, फक्त कापलेल्या टोकाचा तांब्याचा ठिपका सोल्डरला टेकलेला. त्यामुळेच थंड असताना मीटर बीप देतो आणि गरम झालं की संपर्क सुटतो. असला फॉल्ट मीटरच्या कन्टिन्युइटीवर (बीपवर) सापडणं जवळजवळ अशक्य.

आता विक्रेता. फोटो पाठवले, व्हिडिओ पाठवला. उत्तर काय, तर 'सर किट तुम्ही असेम्बल केलंय, वॉरंटी लागू नाही, बोर्ड पाठवा, तपासणीची फी आणि दोन्ही बाजूचं कुरियर तुमचं.' अहो मला दुरुस्ती नकोच आहे, मी फक्त विचारतोय की पाकिटात कोणत्या प्रकारची वायर दिली? याचं उत्तर मला आजपर्यंत मिळालेलं नाही.

उत्तर मिळालं रबाळ्याच्या एका मोटर रिवाइंडिंगवाल्या काकांकडून. त्यांनी तुकडा हातात घेतला, नखाने घासला, आयर्न टेकवून बघितला आणि म्हणाले, "दादा, ही मोटरची वायर आहे. ही तापायलाच बनवलेली असते, हिला आयर्नने काय होणार? ब्लेडने खरवडा नाहीतर पॉलिश पेपर मारा." पॉलीयुरेथेनचं इनॅमल साधारण ४०० डिग्रीच्या टीपला सुटतं आणि तांबं सोल्डर घेतं, मोटरसाठीच्या पॉलिस्टर जातीच्या वायरचं सुटत नाही. दिसायला दोन्ही सारख्याच. किटवाल्याचे यात फार तर वीस-तीस रुपये वाचले असतील आणि तेवढ्यासाठी काही हजारांच्या किटची ही अवस्था, याचा मला मनापासून राग आहे. ज्या देशात हॅम अशहर फरहान यांनी बिटएक्स या घरी बनवायच्या रेडिओच्या कॉइल चक्क नळाच्या वॉशरवर गुंडाळून ट्रान्सीव्हर करून दाखवला, तिथे निदान बरोबर वायर द्यायला काय हरकत आहे!

ऐरोलीहून ठाणे, दादरला बदलून ग्रँट रोड, लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात सोल्डर होणारी वायर मिळाली. सगळे ट्रान्सफॉर्मर परत गुंडाळले, लो पास फिल्टरच्या (वरच्या फ्रिक्वेन्सी अडवणाऱ्या भागाच्या) पिवळ्या टी५०-६ कोअरसुद्धा, कारण तिथे असला जॉइंट राहिला तर १४.२ मेगाहर्ट्झवर दुसरं हार्मोनिक (दुप्पट फ्रिक्वेन्सीचा नको असलेला सिग्नल) जाईल आणि ते सरळ २० मीटरच्या बँडमध्ये पडतं. वेढे मोजताना वायर कोअरच्या आतून किती वेळा गेली तेच मोजायचं, बाहेरून नाही. तेव्हापासून भर दमट हवेतही पॉवर पडलेली नाही. सोल्डरिंगनंतर उरलेला चिकट फ्लक्स मात्र आयपीएने (आयसोप्रोपाइल अल्कोहोलने) पुसून काढा, आपल्याकडच्या पावसात तो ओल धरतो.

एका बाबतीत माझं मत पार बदललं. किटबरोबर डबा नाही, भाग लांब लांब बसवलेत, बोर्ड उगाच मोठा वाटतो, यासाठी मी एक स्टार कापणार होतो. पण फॉल्ट शोधताना प्रोब प्रत्येक ठिकाणी पोचला तो त्याच मोकळ्या जागेमुळे, आणि पत्रिकेत प्रत्येक ट्रान्झिस्टरचे व्होल्टेज दिलेत तो तक्ता तर सोन्यासारखा आहे. तो स्टार परत दिला. वायरचा कापलेला तसाच.

माइक सुमार आहे, मी बदलला. ट्यूनिंगचा एन्कोडर (फिरवायचं बटण) ठीक.

घेणार असाल तर पाकीट उघडल्यावर पहिलं काम हे करा, वायरचं एक टोक आयर्नवर ताजं सोल्डर घेऊन त्यात पाच-सहा सेकंद बुडवा. चकचकीत झालं तर पुढे जा, काळं-तपकिरीच राहिलं तर ती वायर बाजूला ठेवा, किंवा प्रत्येक टोक खरवडून, टिन करून (सोल्डरचा थर चढवून) मगच बोर्डात घाला. आयआरएफ५१० च्या धातूच्या टॅबवर ड्रेन (त्याची आउटपुट पिन) जोडलेला असतो, टॅब आणि हीटसिंकच्या मधे अभ्रकाचा वॉशर विसरू नका. आणि ट्रान्समिट करायचं तर एएसओसीची, म्हणजे हॅम रेडिओ चालवायच्या प्रमाणपत्राची, परीक्षा देऊन लायसन्स आधी काढा.